त्या फोटोवर तुम्ही अंगठा दिलात

अबुधाबी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. 'साष्टांग नमस्कार' लिहिलं, तेही खोडलं. आज ते शब्द लिहिले तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही, म्हणून नुसतं बाबा.

काल संध्याकाळी निखिलनं फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. हिरव्या झाडांच्या रांगेत तो, ताई, दिया आणि अंश. चौघांच्या हातात ब्लूबेरीचे डबे, चौघंही हसतायत. खाली त्यानं लिहिलं, 'दियाचा बर्थडे. वाळवंटात ब्लूबेरी!' तुम्ही लगेच अंगठा दिलात. वर लिहिलंत, 'सुखी संसार. असेच आनंदात राहा.'

तो फोटो मी काढलाय, बाबा. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. गणपतीत मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं की निखिल ताईला मारतो. तुम्ही म्हणालात, 'ऐकीव गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत. स्वतःचा संसार मोडून बसलेल्या बाईनं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये.' आणि फोन ठेवलात. तेव्हापासून माझा फोन तुम्ही उचलत नाही आणि आईलाही उचलू देत नाही. म्हणून हे कागदावर, कुरिअरनं. जन्मभर साताऱ्याच्या कोर्टात जज्जसाहेबांच्या खाली बसून लोकांच्या साक्षी टिपून घेतल्यात. आता ही पोटच्या पोरीची ऐका. ऐकीव नाही.

ताईचा मेसेज आला होता, 'दियाला बर्थडेला तू हवीयेस. निखिल हो म्हणालाय.' एकोणचाळीस वर्षांच्या बाईला सख्ख्या बहिणीला बोलवायला कुणाचं तरी हो लागतं. मी नुसतं येते म्हटलं. ते रुवैसच्या घरून सकाळी निघाले आणि मला इथे अबुधाबीत, इलेक्ट्रा स्ट्रीटवरच्या माझ्या बिल्डिंगखालून गाडीत घेतलं. निखिलला भाऊजी म्हणणं मी सोडलंय. तुम्ही खुशाल 'निखिलराव' म्हणत राहा.

ते फार्म अल-ऐनच्या वाटेवर आहे. हायवे सोडला की दोन्ही बाजूंना नुसती वाळू, आणि मग एकदम पांढरी पॉलिहाऊसं. आत मॉलसारखा गारवा. काळ्या कुंड्यांमध्ये कमरेएवढी झाडं, त्यांना घोस. दारातच एक मुलगी सगळ्यांना डबा देते आणि सांगते, पूर्ण निळं झालेलंच तोडा, देठाशी लाल दिसलं तर राहू द्या. लोक पोराबाळांना घेऊन येतात, तोडतात, खातात, वजन करून घेऊन जातात.

अंशनं विचारलं, "डॅड, कॅन आय ईट वन?"

"खा रे राजा, खा!" निखिल म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "ऐंशी दिरहम किलो, शुभ्रा. म्हणजे जवळजवळ एकोणीसशे रुपये. एवढ्यात आपल्याकडे हापूस येईल, आणि वर आंबेवाला घरी आणून देईल."

सगळे हसले. मीही हसले. तो असं बोलतो की माणूस हसतोच. म्हणून तर तो तुम्हाला एवढा आवडतो.

ताई डाव्या हातानं तोडत होती. उजव्या हाताची आपली ताई, शाळेत रांगोळीचं बक्षीस कधी न सोडलेली, ती डाव्या हातानं एकेक फळ धडपडत काढत होती आणि डबा उजव्या कोपरात धरला होता. मी जवळ जाऊन बघितलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं जांभळी आणि फुगलेली.

"हे काय गं?"

"गाडीचं दार लागलं."

"कधी?"

"परवा. तू तोड ना. ते बघ, तिकडे किती लागलेत."

ती सांगेल तिकडे बघत बसणाऱ्यातली मी नाही हे तिला माहीत आहे. मी अजून काही विचारणार, तेवढ्यात तिच्या कोपरातून डबा सुटला. सगळी फळं जमिनीवर. गोट्यांसारखी घरंगळत पार दुसऱ्या रांगेत गेली. तिथे एक केरळी कुटुंब होतं, त्यांची पोरं मजेनं गोळा करायला लागली. निखिल मोठ्यांदा हसला. "बायको आहे का बुलडोझर!" हिंदीत पण म्हणाला, त्या लोकांना कळावं म्हणून. तेही हसले. मग त्यानं ताईच्या मानेवर मागून हात ठेवला. बघणाऱ्याला वाटेल, किती प्रेम. मला फक्त ताईचा चेहरा दिसत होता. रक्त उतरल्यासारखा.

"चल, हात धुऊन येऊ," तो म्हणाला.

मी मागोमाग गेले. पॅकिंगच्या शेडमागे बेसिन आहे. नळ सोडलेला होता. निखिलनं तिची तीच दोन बोटं मुठीत धरली होती आणि तो पिळत होता. लिंबू पिळतात तसं. आवाज मात्र अगदी हळू, लहान पोराला समजावल्यासारखा. "चार लोकांत माझी शोभा करतेस? हं? करतेस परत?" प्रत्येक 'हं'ला मूठ आवळायची. ताई ओरडत नव्हती, बाबा. ओठ दातांखाली धरून उभी होती. सवय असल्यासारखी.

मी पुढे होणार तेवढ्यात माझा कुर्ता मागून कुणीतरी ओढला. दिया होती.

"मावशी, डोन्ट," ती म्हणाली. "इट गेट्स वर्स इफ यू से समथिंग."

दहा वर्षांची पोर. स्वतःच्या वाढदिवसाला. गणित समजावून सांगावं तशा आवाजात.

तरी मी ओरडले. "निखिल!" तो वळला, मूठ उघडली आणि हसला. "अगं, हिच्या बोटांना बर्फ लावायला हवा, नाही?" आणि माझ्या हातात स्वतःचा फोन दिला. "एक झकास फोटो काढ आमचा. आईबाबांना पाठवू." ताईनं माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. नको, म्हणून. काही करू नकोस, म्हणून. मी फोटो काढला. ताईचा उजवा हात अंशच्या पाठीमागे आहे. चष्मा लावा आणि बघा.

नंतर तिथल्याच कॅफेत दियाचा केक कापला. मी म्हटलं, "मी ताईला आमच्या हॉस्पिटलमध्ये नेते. एक्स-रे काढू." मी तिथे इन्शुरन्स डेस्कला आहे, अर्ध्या तासाचं काम. निखिल खुर्ची सरकवून उठला. "यल्ला, सगळे गाडीत." पार्किंगमध्ये मी ताईचा दंड धरला. "ताई, तू माझ्याबरोबर चल. मुलांना घे आणि चल."

"नको ना, शुभ्रा," ती म्हणाली. "मला घरी जाऊ दे."

ती गाडीत बसली. निखिलनं काच खाली केली. "तुला टॅक्सी मिळेल इथे," तो म्हणाला. "इन्शाल्ला." आणि मला त्या वाळूत उभी करून निघून गेले. त्या केरळी बाईनं माझ्याकडे बघितलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं. त्यांनी मला इलेक्ट्रापर्यंत सोडलं. मी घरात शिरले तोवर फोटो ग्रुपवर होता आणि खाली तुमचा अंगठा होता.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवीय. ताईला फोन करा. 'मुलांना घे आणि ये,' एवढंच बोला. माझ्याशी जन्मभर बोलू नका, चालेल.

शुभ्रा


अबुधाबी
रविवार, २३ फेब्रुवारी

बाबा,

पत्र पोचलं. कुरिअरवाल्यांनी सहीचा फोटो पाठवला. सही तुमचीच, 'स'च्या शेपटीला तीच गाठ मारलेली. म्हणजे घेतलंत. वाचलंतही असणार. ताईला फोन मात्र नाही. ग्रुपवर सुविचार टाकायला वेळ मिळतोय तुम्हाला. परवाचा होता, 'संयम हाच खरा दागिना.' कुणाच्या गळ्यात घालताय?

निखिलनं ताईच्या फोनवर माझा नंबर ब्लॉक केला. म्हणून काल मी बसनं रुवैसला गेले. तुम्ही दोनदा आलात तिकडे, पण तुम्हाला त्याच्या कंपनीचा क्लब आणि समुद्रकिनारा दाखवून परत पाठवलं. मला कालच कळलं ते गाव किती लांब आहे. बस सुटते, शहर संपतं, मग वाळू, मग परत वाळू, मग रिफायनरीच्या चिमण्या. तिथे ताईची ओळख म्हणजे निखिलची बायको. जिथे जाईल तिथे त्याच्याच कंपनीतली माणसं. तो सगळ्यांचा लाडका. गणेशोत्सवाची आरती तोच सांगतो, नवीन आलेल्यांना घर लावून देतो.

तो शिफ्टला होता. दियानं तिच्या मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून मला कळवलं होतं. ताई मुलांना घेऊन हाउसिंगमधल्या बागेत आली. बोटांना पट्टी बांधलेली. दोन्ही मोडली होती. डॉक्टरनं तिला दोनदा विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ती दोन्ही वेळा म्हणाली, गाडीचं दार.

मुलं घसरगुंडीवर होती. मी म्हटलं, "ताई, बस झालं. सातारला जा. मी तिकीट काढते."

"कुठे जाऊ?"

"घरी! बाबांकडे!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी आहे. "तुला माहीत नाही?" ती म्हणाली. "बाबांनी तुला सांगितलंच नाही?"

आणि मग तिनं सांगितलं. मागच्या का त्याच्या मागच्या मे महिन्यात ती मुलांना घेऊन अचानक सातारला आली होती. मला तुम्ही सांगितलं होतं, सुट्टीला आलीय. ती सुट्टीला आली नव्हती, बाबा. ती पळून आली होती. तिनं तुमच्यासमोर, आपल्या पुढच्या खोलीत, ब्लाउजची बाही वर करून दंड दाखवला. तुम्ही बघितलात. आई रडायला लागली तर तिला आत पाठवलंत. चौथ्या दिवशी गाडी ठरवून स्वतः तिला मुंबईच्या विमानतळावर घेऊन गेलात. वाटेत खोपोलीला मुलांना वडा घेऊन दिलात. आणि सामान ट्रॉलीवर ठेवताना म्हणालात, "एकीनं नाव घालवलं. तू तरी घालवू नकोस. पुन्हा अशी एकटी आलीस तर मी घरात घेणार नाही."

मी बाकावर बसले होते, ती सांगत होती, आणि माझे कान गरम होत गेले. इतके दिवस मला वाटत होतं, तुम्हाला खरं वाटत नाहीये. जुन्या वळणाचा माणूस, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही. म्हणून मी पहिल्या पत्रात एवढं सगळं बारीक लिहीत बसले. मूठ कशी होती, नळ कसा चालू होता. कुणासाठी? तुम्ही तर आधीच बघितलं होतं! गणपतीत मला पुरावा मागताना तुमच्या डोळ्यांसमोर तो दंड आला नाही? एकदाही?

आणि ते 'एकीनं नाव घालवलं'. ती मी. माझा घटस्फोट झाला त्याला सहा वर्षं झाली. माझं मी कमावते, माझं मी राहते, कुणापुढे हात पसरलेला नाही. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, दुसरी बाई ठेवली, आणि मी निघाले. ते तुम्हाला सहन झालं नाही म्हणून तुम्ही ताईला परत मार खायला पाठवलंत. माझ्या चुकीची भरपाई तिच्या हाडांनी करून घेतलीत. आणि ती चूकही नव्हती.

ताईला मी परत विचारलं, "बाबांनी आज ये म्हटलं तर येशील?"

तिनं घसरगुंडीवरच्या मुलांकडे बघितलं. मग म्हणाली, "आज म्हटलं तर आज निघेन."

ऐकलंत? तिला कोर्ट नको, पोलीस नको, मी नको. तिला तुमचा एक शब्द हवाय. तुमच्या शब्दाला अजून एवढी किंमत देणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. मी तर नाहीच.

फोन करा. ती सकाळी मुलं शाळेत गेल्यावर घरी एकटी असते.

शुभ्रा


अबुधाबी
गुरुवार, १३ मार्च

बाबा,

फोन केलात. निखिलला.

नुसता फोन नाही. माझ्या दोन्ही पत्रांच्या पानापानाचे फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेत. वर लिहिलंत, 'निखिलराव, धाकटी नको ते लिहिते आहे. आपण समजूतदार आहात. सांभाळून घ्यावे.'

साक्षीदाराचा जबाब उचलून आरोपीच्या हातात दिलात. तुमच्या कोर्टात कुठल्या शिपायानं असं केलं असतं तर तुम्हीच त्याला घरी बसवला असता.

पुढे काय झालं ते मी नीट लिहिते. सांभाळून घेतलं म्हणजे कसं घेतलं, ते तुम्हाला कळलंच पाहिजे. त्यानं मुलांना खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. ताईला हॉलमध्ये बसवून माझी पत्रं मोठ्यानं वाचून दाखवली. बागेत भेटल्याचं वाचलं. 'आज म्हटलं तर आज निघेन' हे वाचलं, आणि म्हणाला, "निघ ना." मग पट्ट्यानं मारलं. बरगडीला तडा गेलाय. डावा कान अजून नीट ऐकत नाही. अंश आतून दार वाजवत होता आणि दिया त्याच्या कानांवर हात ठेवून बसली होती.

मला ताईनं हे सांगितलं तेव्हा ती माराबद्दल फार बोललीच नाही. म्हणाली, "त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला, शुभ्रा. वर नाव होतं, बाबा. त्यांचा तो फेटा बांधलेला डीपी. मी मारापेक्षा त्याच्याकडेच बघत होते."

दुसऱ्या दिवशी दिया शाळेत गेली आणि तिनं तिच्या क्लास टीचरला, यम्ना मॅडमना, सगळं सांगितलं. कुणीही शिकवलेलं नाही. मला म्हणाली, "आय थॉट, नोबडी इन द फॅमिली इज गोइंग टू डू इट." घरातलं कुणी करणार नाही म्हणून पोरीनं स्वतःच केलं. मीही त्या 'नोबडी'त आले, आणि ते मला लागलं. तुम्हाला लागतंय का बघा.

यम्ना मॅडम तिला घेऊन प्रिन्सिपॉलकडे गेल्या. दुपारपर्यंत दोन महिला पोलीस ताईच्या दारात. ताईला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे परत तोच प्रश्न, हे कसं झालं? ताईनं दाराकडे बघितलं. दिया तिथे उभी होती. ताई म्हणाली, "माय हजबंड." तेवढेच दोन शब्द. नर्सनं तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठे ती रडली.

आता ती आणि मुलं माझ्याकडे आहेत. मी ज्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते तो मरियमबींचा आहे, दापोलीच्या, डबे करतात. रोजे चालू आहेत, दिवसभर उपाशी बाई, तरी त्यांनी स्वतःची खोली ताईला दिली आणि आपण किचनमध्ये गादी टाकली. मी नको म्हटलं तर मला दटावलं. "गप बस पोरी. माहेराला आलेली लेक आहे ती." बाबा, ह्या बाईनं ताईला आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा बघितलं.

निखिलचे पोलिसांकडे जबाब झाले. कंपनीपर्यंत गोष्ट जाईल म्हणून तो आता शेळी झालाय. पासपोर्ट दिले. मुलांना भारतात न्यायला हरकत नाही, असं लिहून देतो म्हणतो, फक्त केस पुढे रेटू नका. त्यानं तुम्हाला फोन केला असेलच. रडला असेल. तुम्ही धीर दिला असेल.

अंश दोन दिवस 'डॅड कुठे' विचारत होता. आता विचारत नाही. पण कुठे भांडं पडलं तरी टेबलाखाली जातो. काल दियानं मला विचारलं, "आजोबा सेंट इट? अवर आजोबा?" मी काय सांगणार होते? हो म्हटलं. तुमच्यासाठी नातवंडांशी खोटं बोलायची माझी तयारी नाही.

आता फोन करू नका. गरज नाही.

शुभ्रा


अबुधाबी
सोमवार, २४ मार्च

बाबा,

हे शेवटचं. ह्यात काही मागणं नाही, नुसतं कळवायचं आहे.

ताई आणि मुलं काल पोचली. मुंबईला.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण आईनं मला मागच्या आठवड्यात फोन केला. शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून, गच्चीत वाळवण घालायला जाते सांगून. म्हणाली, "मी वाचली सगळी. तीनही." तुम्ही जेवणाच्या टेबलावर पानं पसरून, ट्यूबखाली उभं राहून फोटो काढत होतात तेव्हा तिनं विचारलं होतं, काय आहे. तुम्ही म्हणालात, "शुभ्राचं नेहमीचंच." तिसरं पत्र आलं तेव्हा तुम्ही न फोडताच पेपरच्या रद्दीत ठेवलंत. रद्दी तुम्ही कधी बांधली आहे? ती आई बांधते.

मी फोनवर तिच्यावर ओरडले, बाबा. तिलाही सोडलं नाही. "दंड तूही बघितला होतास! आत जा म्हटल्यावर गेलीस कशी?" ती म्हणाली, "गेले. जन्मभर गेले." मग म्हणाली, "तू ओरड. मी ऐकते. पण आधी विमान कधीचं आहे ते सांग."

विमानतळावर ताईनं अंशचा हात धरला होता आणि सारखी मागे बघत होती, कुणी येऊन अडवेल म्हणून. कुणी आलं नाही. काउंटरवरच्या माणसानं निखिलच्या सहीचा ना-हरकतीचा कागद बघितला, शिक्के मारले, "यल्ला, हबीबी," म्हणून अंशला टॉफी दिली. दिया मला मिठी मारून मराठीत म्हणाली, "मावशी, तू पण ये ना." पहिल्यांदा मराठीत. मी सुट्टी मिळाली की येते म्हटलं. ते गेल्यावर मी पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे उभी राहून तुमच्या नावानं इतकं बोलले, इतकं बोलले, की एक पाकिस्तानी टॅक्सीवाला पाणी घेऊन आला.

मला वाटलं होतं ताई सुटली की माझा राग उतरेल. उतरला नाही. तिला ऐकू येत नाहीये एका बाजूनं. डॉक्टर म्हणतात बघू. आज सकाळी मी फोनवर 'कशी आहेस' विचारलं तर म्हणाली, 'थांब, दुसऱ्या कानाला लावते,' आणि मला तुमचं ते 'सांभाळून घ्यावे' आठवलं. मी माफ करणार नाहीये. लोक म्हणतील वय झालंय, बाप आहे. असू दे.

मुंबईला त्यांना घ्यायला आई आली होती. स्मितामावशीबरोबर. तुम्हाला ती सांगून आली की चार दिवस डोंबिवलीला बहिणीकडे जाते, गुढीपाडव्याच्या आत येते. तुम्ही वाट बघत असाल.

ती येणार नाहीये. मावशीच्या बिल्डिंगमध्येच दोन खोल्या बघितल्या आहेत. ताई आणि मुलं तिथे राहतील आणि आई त्यांच्याजवळ. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होईल. हे तुम्हाला फोनवर सांगायची आईची हिंमत झाली नाही. ती म्हणाली, "त्यांचा आवाज ऐकला की मी परत जाईन. पन्नास वर्षांची खोड आहे. तूच लिही." म्हणून मी लिहितेय.

तिनं तुमच्यासाठी निरोप दिलाय. राग नाही, शिव्या नाहीत. तसाच्या तसा लिहिते.

दूधवाला सहाला येतो. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही. दूध उतू जाईपर्यंत पेपर वाचत बसू नका, आता बंद करायला कुणी येणार नाही.

शुभ्रा